लूट या शब्दाची मुलूखगिरी

लंडनमधील एका प्रख्यात लिलावगृहातून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये एक तलवार विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची ही तलवार. पाते युरोपीय बनावटीचे, मुठीवर सोन्याचे काम, आणि पात्यावर देवनागरी अक्षरांत सेनासाहेब सुभा या पदवीसह रघूजींचे नाव. तिच्यापायी सुमारे ४७ लाख रुपये खर्ची पडले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकरांचा पाडाव झाला, त्यानंतर कंपनी सरकारच्या लोकांनी जे काही नेले त्यातच ही तलवारही गेली असावी, असा तर्क त्या वेळी बोलून दाखवला गेला. लुटीत गेलेली वस्तू परत आली, या समाधानात सारेच सहभागी झाले. ज्याचे लुटले गेले त्यानेच दाम मोजून ते घरी आणले, ही त्यातली विसंगती आनंदाच्या भरात फारशी कोणाला खुपली नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र त्याहून अधिक विचारात पाडणारी आहे. ज्या रघूजींची ही तलवार, त्यांच्याच फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. अखेर १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने सालीना बारा लाखांची चौथाई मान्य केली आणि ओरिसाचा वसूल सोडला, तेव्हा कोठे ती धामधूम थांबली. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला ‘बंगालच्या स्वाऱ्या’ असे नाव आहे. बंगालमध्ये त्याला आजही ‘बर्गींचा हंगामा’ म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. बंगाली आया मुलांना निजवताना जे गाणे गातात, त्यात हा बर्गी अजून येतो, आणि आता सारा कशाने भरायचा या काळजीसकट येतो. एकाच तलवारीच्या एका टोकाला स्वारी आहे आणि दुसऱ्या टोकाला लूट. शब्द कोणता वापरायचा हे पाते कोणत्या दिशेला वळले आहे त्यावरून ठरते, असा त्याचा अर्थ घ्यायचा काय?

लूट हा शब्द मराठी घरात कसा नांदतो ते आधी पाहिले पाहिजे. कारण ज्या शब्दाची एवढी धास्ती घेतली जाते, तो मराठी माणूस वर्षातून एकदा मोठ्या हौसेने वापरतो. दसऱ्याला सोने लुटायचे असते. रघुराजाच्या धाकाने कुबेराने आपट्याच्या झाडावर सुवर्णमुद्रांचा पाऊस पाडला; कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी तेवढ्या उचलल्या आणि उरलेल्या रघूनेही खजिन्यात भरल्या नाहीत; मग लोकांनी त्या लुटल्या, अशी ती कथा. देणाऱ्याने मोकळ्या मनाने दिलेले, घेणाऱ्याने गरजेपुरते घेतलेले, आणि उरलेले कोणाचेच नाही म्हणून सर्वांचे. या लुटीत कोणाचे काही जात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण ‘लुटतात’, तेव्हा तर क्रियापदाची दिशाच फिरते. येथे लुटणे म्हणजे वाटणे. संतांनी नामाची लूट करायला बोलावले, सहलीला गेलेली पोरे मौज लुटतात, हे त्याच घरातले अर्थ. दुसऱ्याचे हिरावून घेणे आणि आपले वाटून टाकणे या दोन उलट्या क्रियांना एकच क्रियापद लावणाऱ्या भाषेला त्या दोहोंत काही समान दिसले असले पाहिजे. ते समान म्हणजे मोजमाप संपणे. लुटीत हिशेब नसतो. घेणारा मोजून घेत नाही आणि देणाराही मोजून देत नाही.

हाच भेद चोरी आणि दरोड्यापासून लुटीला वेगळे करतो. चोर मालकाच्या नकळत नेतो, म्हणजे मालकी त्याला मान्य असते; म्हणूनच तो अंधार शोधतो. दरोडेखोर धाक दाखवून नेतो, पण पहाटेच्या आत त्यालाही रान गाठावे लागते. लूट उजेडात होते. कारण जे राज्य किंवा जो पहारा मालकीला मालकी ठरवतो, तोच त्या घटकेला उठून गेलेला असतो, किंवा खुद्द पहारेकरीच पोती भरत असतो. भारतीय दंड संहितेच्या हिंदी पाठात ‘रॉबरी’ या अपराधाला ‘लूट’ असे नाव होते. मराठीत मात्र कायद्याने ‘जबरी चोरी’ हा शब्द पसंत केला आणि पाच किंवा अधिक इसमांनी ती केली की तिला ‘दरोडा’ म्हटले. मराठी कायद्याच्या भाषेत लूट नावाचा अपराधच नाही. शब्द असा मोकळा राहिल्यामुळे तो वृत्तपत्रांच्या, व्यासपीठांच्या आणि इतिहासकारांच्या वाट्याला आला, आणि त्यांनी तो आपापल्या सोयीने वापरला.

संस्कृतातील लुण्ट् किंवा लुण्ठ् या धातूंशी नाते सांगणारा हा देशी शब्द इंग्रजांनी उचलला, ही आता बहुश्रुत वाचकांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी शब्दसंग्रहांत दिसू लागतो. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे, आणि चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि सत्तावनचा उठाव यांच्या दरम्यान तो खुद्द विलायतेत रुळला असे तेथे म्हटले आहे. एखादी भाषा दुसरीकडून शब्द घेते तो बहुधा नव्या वस्तूसाठी. आंबा नव्हता म्हणून ‘मँगो’ घेतला, हे समजते. पण इंग्रजांना लुटीची ओळख हिंदुस्थानात येऊन झाली असे त्यांचा अत्यंत भाबडा चाहताही म्हणणार नाही. जुने जर्मन, लॅटिन आणि फ्रेंच वळणाचे किमान तीन-चार शब्द त्यांच्या पदरी आधीच होते. मग नवा कशाला? अनुमान एवढेच करता येते की, त्या जुन्या शब्दांना धर्मोपदेशाचा आणि निषेधाचा वास होता. परक्या भाषेतून आलेला शब्द हलका असतो, हसत उच्चारता येतो. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी सम्राटांचा ग्रीष्मप्रासाद धुऊन नेला, आणि मग इंग्रजांनी तो जाळला. तेथे सापडलेले एक चिमुकले कुत्रे एका कप्तानाने व्हिक्टोरिया राणीला नजर केले. राजवाड्यात त्याचे नाव पडले ‘लूटी’. त्याचे तैलचित्रही काढून घेण्यात आले. चोरीच्या मालाला कोणी ‘चोरट्या’ म्हणून लाडाने हाक मारीत नाही. परभाषेतल्या शब्दाने तेवढी सोय होते.

हलका शब्द सोजिराच्या तोंडी राहिला. सरकारी कागदासाठी मात्र इंग्रजांनी दुसरा, इभ्रतीचा शब्द राखून ठेवला होता. ‘प्राइज’, म्हणजे युद्धात जिंकलेले बक्षीस. हे कसे चाले त्याचा नमुना श्रीरंगपट्टणला पाहायला मिळतो. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला आणि ती रात्र शिपायांनी शहर धुण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्ली या अधिकाऱ्याने काही जणांना फासावर चढवून आणि काहींना फटके मारून ती लूट थांबवली. त्यानंतर बक्षीस समिती बसली, टिपूचे सुवर्णसिंहासन फोडून त्याचे तुकडे वाटले गेले, आणि हुद्द्याप्रमाणे हिस्से ठरून सेनापती हॅरिस याच्या पदरात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम पडली. शिपायाने रात्री केली ती लूट म्हणून शिक्षा. समितीने दिवसा, वही समोर ठेवून केली ते बक्षीस. वर मोजमाप संपणे हे लुटीचे लक्षण सांगितले. इंग्रजांनी लुटीला मोजमाप दिले, पावती दिली, आणि एवढ्यावर तिचे लुटीपण संपले असे धरून चालले.

पेशवाई बुडाली तेव्हा हेच यंत्र महाराष्ट्रात चालू झाले. १८१७-१८ च्या युद्धात हाती लागलेल्या द्रव्याला ‘डेक्कन प्राइज’ म्हणत. त्याचा वाटा सर टॉमस हिस्लॉपच्या दख्खनच्या फौजेला मिळावा की गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या बड्या फौजेलाही, यावर विलायतेत वर्षानुवर्षे भांडण चालले. विश्वस्त म्हणून नेमले गेले वेलिंग्टनचे ड्यूक. म्हणजे श्रीरंगपट्टणला फटके मारणारे तेच वेलस्ली. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते तो ‘नासक’ हिरा याच मार्गाने बाजीरावाकडून गेला. पण या साऱ्यात सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे ते नारोबा गोविंद या गृहस्थाचे. रायगडावरील पेशव्यांच्या खजिन्याशी याचा संबंध. बाजीराव शरण गेल्यावर, पुण्यात कंपनीचा अंमल सुरू झाल्यावर, १८१८ च्या जुलै महिन्यात या माणसाला पकडून त्याच्याकडून द्रव्य काढून घेण्यात आले. ते पेशव्यांचे असे सरकारचे म्हणणे. ते खासगी असे त्याच्या बाजूचे. नारोबाच्या पश्चात त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसारख्या बड्या अधिकाऱ्यावर दावा लावला, आणि तो जिंकला! पुण्यामुंबईच्या तत्कालीन लोकांना इंग्रजी न्यायाचे जे अप्रूप वाटे ते अशा निकालांमुळेच. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. पुढे कायद्याच्या पुस्तकांत गाजलेल्या या निकालाचा गाभा असा की, युद्ध पेटलेले नसले तरी अजून शमलेलेही नव्हते. शत्रू म्हणून केलेली ही जप्ती होती, सबब कोणत्याही दिवाणी न्यायालयाला तिची चौकशी करण्याचा अधिकारच नाही. पैसा कोणाचा होता याचे उत्तर देण्याची गरजच उरली नाही. प्रश्नच न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवला गेला.

शब्द बदलल्याने काय साधते हे यावरून कळावे. नारोबाचे द्रव्य ‘घेतले’ गेले हे कोणीही नाकारले नाही. त्याला नाव काय द्यायचे एवढाच वाद होता, आणि नावावर वारसांचा हक्क अवलंबून होता.

याच सुमारासच्या दुसऱ्या बाजूचा आवाज मराठीत सुदैवाने उपलब्ध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकाने, जे १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, झाशीच्या पाडावाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मराठी वाचकाला दिले. तेथली लूट कशी एका झपाट्यात न होता दिवसांमागून दिवस, मौल्यवान चिजांपासून भांड्याकुंड्यांपर्यंत उतरत गेली, हे त्या भिक्षुकाने शांतपणे सांगितले आहे. समितीच्या वहीत जे बक्षीस असते, ते घरातल्या माणसाला कसे दिसते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ती पाने वाचावीत.

बक्षीस या शब्दाचे धाकटे भावंड म्हणजे भेट. १८४९ च्या लाहोरच्या तहात कोहिनूर हिरा महाराजा दुलीपसिंग यांनी इंग्लंडच्या राणीला अर्पण करावा असे कलम घातले गेले. महाराजांचे वय तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. एप्रिल २०१६ मध्ये भारत सरकारच्याच वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले की हा हिरा चोरून किंवा जबरीने नेलेला नाही, तो दिला गेला. आणि त्यावर गदारोळ होताच सरकारने हे आपले अंतिम मत नव्हे असा खुलासा केला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यास जी वाघनखे आली, त्यांच्या पेटीवरही ती पेशव्यांच्या प्रधानाने ग्रँट डफला ‘दिली’ असेच लिहिलेले आहे. ती वाघनखे अफझलखानाच्या वधातीलच होत की काय याची खात्री ते संग्रहालयही देत नाही, हा मुद्दा निराळा. पण राज्य गेल्यानंतर जेत्या रेसिडेंटाला दिलेली वस्तू भेट असते काय, हा प्रश्न वस्तू खरी असो वा नसो, शिल्लक राहतोच.

इथपर्यंतचे सारे मराठी वाचकाला पटण्यासारखे आहे. कारण यात लुटले गेलेले आपण आहोत. कसोटीचा प्रसंग येतो तो सुरतेशी. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राजकारणात या एका शब्दावरून चांगलीच जुंपली. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली असे म्हणणे हा त्यांचा अवमान आहे, त्यांनी स्वराज्याची हानी करणाऱ्या मोगलांचा खजिना तेवढा घेतला, असे एक बाजू म्हणू लागली. कागदपत्रांत लूट स्पष्ट आहे आणि ती सांगण्यात लाज कसली, असे दुसरी. वादात इतिहासापेक्षा निवडणुकीचा रंग अधिक होता हे उघडच आहे. तथापि त्यातून जो समज पसरला तो तपासून पाहण्याजोगा आहे.

शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या फौजेने मुलूख उजाड केला होता. त्याचा खर्च मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करण्यासाठी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर गेले. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी ही मागणी अनुत्तरित राहिली, आणि वाटाघाटीला आलेल्या वकिलाने महाराजांवरच घाव घालण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरचे चार दिवस शहराच्या फार मोठ्या भागाने आगी आणि लूट पाहिली. कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोझ यांच्या मठाला हात लागला नाही आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या एका दिवंगत दलालाचे घर वगळले गेले, हे फ्रेंच प्रवासी बर्निए यानेच नमूद केले आहे. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १६७० मध्ये, सुरत पुन्हा लुटली गेली. या लुटीच्या मालाची नोंद होई, तो सरकारजमा होई, आणि स्वारीवर असताना बायकापोरे धरू नयेत, गाय नेऊ नये, ब्राह्मणाला उपद्रव देऊ नये असे दंडक असत, ही माहिती सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत येते. ज्यांनी हे पाहिले, ऐकले किंवा लिहून ठेवले, त्यांना लूट हा शब्द अवघड वाटत नव्हता. कारण त्यांच्या काळात तो युद्धखर्चाच्या एका बाबीचा शब्द होता. मुलूखगिरी, चौथाई, सरदेशमुखी, खंडणी आणि लूट ही एकाच जमाखर्चाची निरनिराळी पाने. आज मुंबईच्या पोलिसांत खंडणीविरोधी पथक आहे; म्हणून सतराव्या शतकातील खंडणी वसूल करणारे सगळे गुंड होते असे कोणी म्हणत नाही. शब्द तेच राहिले, त्यांच्याभोवतीचे जग पालटले.

लूट या शब्दाला लज्जा चिकटली ती इंग्रजी अमदानीत. लुटारू मराठे हे चित्र कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आणि इतिहासकारांनी रंगवले, आणि ते रंगवीत असतानाच त्यांचे बक्षीस-दलाल पुण्यात वाडे खणून पाहत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागची तळमळ हीच होती की, या राज्याला केवळ पुंडांच्या टोळ्यांचे यश मानू नये. तथापि रानड्यांनी त्यासाठी सुरत पुसून टाकली नाही. आज जे सुरतेतून तो शब्द काढू पाहतात ते नकळत रानड्यांना सोडून ग्रँट डफच्या पक्षाला जातात. लूट म्हणजे हीन कृत्य, आणि थोर पुरुषाने ते केलेच नसणार, ही परक्याची मोजपट्टी ते मुकाट्याने उचलतात.

अर्थात एवढे मानले की पुढचे पाऊलही टाकावे लागते, आणि ते अधिक जड आहे. सुरतेची लूट ही लूट म्हणून अभिमानाने सांगायची, तर बंगालची लूट ही लूट म्हणून मान खाली घालून ऐकायची तयारी पाहिजे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. आरंभी पापी नबाबाला शासन करायला देवानेच धाडलेले हे मराठे, पुढे त्याच्या वर्णनात खेड्यापाड्यांतील गोरगरिबांचा आणि स्त्रियांचा काळ होतात. शाएस्तेखानाने पुण्याचे जे केले होते त्याचा जाब सुरतेत मागता येत होता. बरद्वानच्या शेतकऱ्याने सातारचे किंवा नागपूरचे काय केले होते? १७९१ मध्ये टिपूवरील मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शंकराचार्यांना तेथून निघून जावे लागले, आणि मठाच्या पुनःस्थापनेला द्रव्य पाठवले ते टिपूने. मराठी कागदपत्रांनीही हे झाकलेले नाही. झाकण्याची बुद्धी नंतरच्यांची. लुटीचे दोन प्रकार, एक दंडकाखाली आणि हिशेबात चालणारी, दुसरी दंडक सुटलेली, हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मात्र श्रीरंगपट्टणच्या समितीजवळही वही होती हे त्याच वेळी ध्यानात ठेवावे लागते. लुटला जाणारा वही पाहत नाही.

वृत्तपत्रे रोज हाच न्याय करीत असतात, आणि बहुधा घाईत करतात. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कॅटरिना वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. छातीएवढ्या पाण्यातून अन्न घेऊन जाणाऱ्या माणसांची दोन छायाचित्रे दोन वृत्तसंस्थांनी पाठवली. एकातला तरुण काळा होता. त्याखाली लिहिले होते की, त्याने दुकान लुटून आणले. दुसऱ्यातले जोडपे गोरे होते. त्याखाली लिहिले होते की, त्यांना दुकानातून पाव आणि सोडा मिळाला. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली गेली तेव्हा देशभर संताप उसळला. पहिल्या छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरताना पाहिले होते, आणि दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तेथला माल पाण्यावर तरंगत बाहेर आला होता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. तरीही वाचकाला जे दिसले ते खोटे नव्हते. शब्द कोणाच्या अंगावर चटकन बसतो आणि कोणाच्या अंगाला लागत नाही, हे त्या दोन ओळींनी उघडे केले.

महाराष्ट्रात असे अनुभवायला वादळाची गरज नाही. महामार्गावर तेलाचा टँकर किंवा फळांचा ट्रक उलटला आणि आसपासच्या वस्तीतले लोक बादल्या घेऊन धावले की दुसऱ्या दिवशी त्या वस्तीची ‘लुटालूट’ छापून येते, चित्रासह. त्यात जखमी चालकाकडे दुर्लक्ष झाले असेल तर ते लाजिरवाणेच आहे. परंतु एखाद्या पतपेढीच्या किंवा सहकारी बँकेच्या संचालकांनी सगेसोयऱ्यांना तारणावाचून कर्जे वाटली, आणि निवृत्त शिक्षकांच्या, कारकुनांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, तर वृत्तपत्राचा शब्दकोश अचानक सभ्य होतो. तेथे ‘अनियमितता’ असते, ‘गैरव्यवहार’ असतो, फारच झाले तर ‘अपहार’. कर्ज ‘थकीत’ होते, मग ‘निर्लेखित’ होते. जणू ते आपोआप आजारी पडले आणि वारले. वही समोर ठेवून, ठराव करून, सह्यांनिशी घेतलेल्या पैशाला लूट म्हणायचे नाही, हा श्रीरंगपट्टणचा धडा एवढा खोल मुरला आहे. याच्या उलट कापडाच्या दुकानाबाहेर मात्र ‘महालूट’ असा फलक लागतो आणि त्यात लुटणारा कोण, दुकानदार की गिऱ्हाईक, हे गुलदस्त्यात राहते.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची दुकाने लुटली. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. सरकारी कागदांनी त्यांना दंगेखोर म्हटले. परंतु चौकशीसाठी बसलेल्या आयोगालाच हे लिहावे लागले की, या लोकांचा रोख मुख्यत्वे कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले आणि जाळले की पुष्कळ ठिकाणी जमाव पांगे, आणि एवढ्या मोठ्या उठावाच्या मानाने माणसांना इजा फार थोडी झाली. कुणब्याला ‘मी लुटला गेलो’ असे म्हणायचे होते, आणि त्याच्या लुटीचा पुरावा म्हणजे सावकाराच्या पेटीतला तो कागद, कायदेशीर, साक्षीदारांसह, मुद्रांक लावलेला. न्यायालयात तोच कागद त्याच्याविरुद्ध उभा राही. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांना संरक्षण देणारा दख्खनचा कायदा झाला आणि त्यात न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. कागद बरोबर असला तरी घेणे बरोबर होते काय, हे विचारण्याचा अधिकार नारोबाच्या वारसांना नाकारला गेला होता. तो पन्नास वर्षांनी सुप्याच्या कुणब्याला मिळाला, पण दुकान फोडल्यानंतर.

रघूजींची तलवार आता संग्रहालयात राहील. शाळांच्या सहली येतील आणि पेटीजवळच्या पाटीवरचा मजकूर मुले वहीत उतरवून घेतील. त्या मजकुरात सीताबर्डी असेल, लंडनचा लिलाव असेल, बंगालही असावा. पात्यावरील लेखाचा शेवट ‘फिरंग’ या शब्दाने होतो. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. पाते आपले नाही हे सोन्याच्या अक्षरांत तिच्यावरच कोरून ठेवण्यात सेनासाहेब सुभ्यांना कमीपणा वाटलेला नव्हता.